अंगणाचे अर्थशास्त्र

दिवाळी आणि नाताळ हे सण जवळ आले की महाराष्ट्राला वसईची हमखास आठवण होते. राजेळी केळ्यांची सुकेळी, मोगऱ्याचे गजरे, घरोघरी कुटलेले मसाले, गावोगावच्या तरुणांनी रचलेले नाताळचे गोठे यांचे कौतुक होते. आणि अखेरीस ‘ही परंपरा आता लोप पावत आहे, नव्या पिढीला तिच्याविषयी आस्था उरलेली नाही’ असा उसासा टाकला जातो. हा उसासा प्रामाणिक असतो. निदान मात्र चुकीचे असते. घरगुती परंपरा केवळ आस्थेवर जगत नाहीत. त्यांना जमीन लागते, पाणी लागते आणि हात लागतात. या तिन्हींचा हिशेब मांडल्याखेरीज वसईच्या अंगणात काय घडले, हे कळणार नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, आगाशी-नंदाखालपासून निर्मळ-भुईगावपर्यंत, घर आणि वाडी या दोन निराळ्या गोष्टी कधीच नव्हत्या. केळी, नारळ, पानवेल, भाजीपाला आणि फुलझाडे एकमेकांच्या सावलीत वाढत. एका पिकाचा टाकाऊ भाग दुसऱ्या कामाचा कच्चा माल होई. केळीच्या सोपटाचा दोरा गजरा ओवायला, वाळलेले पान सुकेळी बांधायला, नारळाची झावळी मांडवावर घालायला उपयोगी पडे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा राज्य बदलले. वाडीची रीत बदलली नाही. सामवेदी ब्राह्मण, सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ, माळी या सर्वांनी आपापले सण आणि देव निराळे राखले, तरी वाडीचे तंत्र सर्वांचे सारखेच राहिले. १८६७ साली विरार आणि मुंबई यांच्यामध्ये लोकल गाडी धावू लागली. पुढे वसईची फुले आणि भाजी पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जाऊ लागली, आणि अंगणातल्या कामाला रोख पैशाची जोड मिळाली.

सुकेळीचेच उदाहरण घ्यावे. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात मांडायची, सायंकाळी गोळा करायची, सकाळी पुन्हा पसरायची. असे कित्येक दिवस करीत राहायचे. आभाळ भरून आले की धावपळ, दमट हवा लागली की नासाडी. फळातला ओलावा उतरून ते मधासारख्या रंगाचे झाले म्हणजे वाळलेल्या केळीच्या पानात घट्ट बांधायचे. यात साखर नाही, यंत्र नाही. आहे ते ऊन, मोकळे अंगण आणि लक्ष ठेवणारे माणूस. ख्रिस्ती घरांतील बाटली मसाल्याचेही तेच. उन्हाळ्यात मिरच्या आणि मसाल्याचे जिन्नस वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि वर्षभरासाठी बाटल्यांत ठासून भरायचे. शेजारणी एकत्र आल्याखेरीज हे काम उरकत नसे.

या साऱ्याच्या मुळाशी पाणी होते. वसईच्या गावांतील बावखले ही गोड्या पाण्याची तळी पावसाचे पाणी साठवीत, जमिनीत मुरवीत आणि विहिरी जिवंत ठेवीत. समुद्राला लागून असलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे गोडे पाणी उपसून संपले की त्याची जागा खारे पाणी घेते, आणि खाऱ्या पाण्यावर केळही जगत नाही, मोगराही नाही. तरीही अनेक बावखले भराव घालून बुजवली गेली. याचे कारण सरळ आहे. बावखलाचा लाभ साऱ्या गावाला होतो. बुजवलेल्या जागेची किंमत मात्र एकाच्याच पदरात पडते. ज्याचा लाभ सर्वांचा, त्याची राखण बाजार करीत नाही.

आता हातांचा हिशेब. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार घरच्या वापरासाठी पिकवलेले केळे उत्पन्नात धरले जाते. पण तेच केळे रांधून घरच्यांना वाढणारीचे श्रम धरले जात नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या विनामोबदला कामाला दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात, तर ते करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. ज्या परंपरेचे आपण कौतुक करतो, तिचा फार मोठा खर्च घरातल्या स्त्रियांनी न मोजलेल्या वेळेतून भागवला आहे. त्यांच्या मुली आज शाळांत शिकवतात, बँकांत आणि रुग्णालयांत नोकऱ्या करतात. त्यांनी आठ-आठ दिवस केळी राखत बसावे, असे म्हणणे म्हणजे जुने फुकटचे श्रम पुन्हा मागणे होय. आस्था घटली, असे म्हणण्यापेक्षा वेळेला किंमत आली, असे म्हणणे अधिक न्यायाचे ठरेल.

विल्यम बॉमोल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात एक मर्मभेदक गोष्ट दाखवून दिली. जे काम यंत्राने झपाट्याने करता येत नाही, ते इतरत्र मजुरी वाढत गेली की आपोआप महाग होत जाते. उन्हाला घाई करता येत नाही. म्हणून सुकेळी महाग होणारच. गिऱ्हाईक मात्र तिची तुलना कारखान्यातल्या गोड पुडीशी करते आणि घासाघीस करते. अशा भावात हे काम टिकावे कसे?

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने बेसुमार बांधकामाविरुद्ध आणि भूजलाच्या उपशाविरुद्ध आवाज उठवला. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली; २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. ही माणसे मुंबईत न परवडणाऱ्या घराच्या शोधात आली; त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार पाण्याखाली गेले, तेव्हा पाणी मुरवणाऱ्या आणि सामावून घेणाऱ्या जमिनीचे मोल नव्या-जुन्या सर्वच रहिवाशांना कळून चुकले. वाडी ही केवळ वाडीवाल्याची चैन नाही.

तेव्हा उपायही तिन्ही बाजूंनी व्हावयास हवा. उरलेल्या बावखलांची नोंद करून त्यांना विकास आराखड्यात कायदेशीर संरक्षण द्यावे. वाडी राखणाऱ्यास, तो सर्वांसाठी पाणी मुरवतो म्हणून, करात सवलत मिळावी. याच जिल्ह्यातील घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सुकेळीलाही नाव, प्रत आणि रास्त भाव मिळवून देण्याचा संघटित प्रयत्न करता येईल. १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक बँकेसारखी सहकारी संस्था उभी करणाऱ्या वसईला सहकार नवा नाही. स्त्रियांच्या सहकारी संस्थांनी हे काम हाती घेतले, तर श्रमाचा मोबदला श्रम करणारीच्याच हाती पडेल. आणि घरात जे काम केवळ सणाच्या हौसेसाठी उरेल, त्यात घरातल्या पुरुषांनीही आपला वाटा उचलावा.

एवढे न करता केवळ महोत्सव भरवले, तर सुकेळी प्रदर्शनाच्या टेबलावर दिसेल, अंगणात दिसणार नाही. परंपरा जपायची असेल तर तिचा खर्च कोण सोसत आला, हे आधी मान्य करावे लागेल, आणि पुढे तो सर्वांनी वाटून घ्यावा लागेल.