खिचडीचे तांदूळ, कर्जाचा हप्ता आणि शाळेतला कॉम्प्युटर

काटोल-नरखेड असो की रामटेक-उमरेड, आता जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत कॉम्प्युटर दिसतो. कुठे तो कापडाखाली झाकलेला असतो, कुठे मुलं त्यावर चित्रं रंगवतात. पण त्याच कॉम्प्युटरवर चौथी-पाचवीच्या मुलांना गणितही छान शिकवता येतं. त्यासाठी लागते स्प्रेडशीट. आपण तिला बोलताना एक्सेल म्हणतो.

स्प्रेडशीट म्हणजे काय? आपल्या गटाची हिशोबवही डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक सभासदाची एक आडवी ओळ. बचत, कर्ज, व्याज यांचे उभे रकाने. स्प्रेडशीट तशीच असते. फरक एवढाच, की तिच्या एका चौकटीतला आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलतात. ही कल्पना सुचली तीही वर्गातच. १९७८ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसला होता. सरांनी फळ्यावर मोठा तक्ता मांडला होता. त्यात एक आकडा चुकला आणि पुढचे कितीतरी आकडे पुसून पुन्हा लिहावे लागले. हे काम कॉम्प्युटरने का करू नये, असं त्याला वाटलं. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, मित्राच्या मदतीने त्याने विझिकॅल्क तयार केलं.

आता तुम्ही म्हणाल, मशीनच गणित करणार, तर पोरं डोकं कशाला चालवतील? पण मशीनला गुणायचं की भागायचं हे कळत नाही. ते मुलानेच ठरवावं लागतं.

खिचडीचंच उदाहरण घेऊ. बऱ्याच गावांत शाळेचा पोषण आहार बचत गटाच्या बायाच शिजवतात. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ. सोमवारी हजेरी ३८, मंगळवारी ४२. मुलांनी आधी वहीत अंदाज लिहायचा. मग चौकटीत सूत्र टाकायचं: आधी बरोबरचं चिन्ह, मग हजेरीची चौकट, मग गुणाकारासाठी चांदणी, मग १००. उत्तर येतं ३८०० ग्रॅम. किलो करायला १००० ने भागा, म्हणजे ३.८ किलो. सूत्र खाली ओढलं की आठवड्याचा हिशोब तयार. कुणी चुकून १०० ने भागलं, तर उत्तर ३८ किलो येईल. अंदाज लिहिलेली मुलगी लगेच विचारेल, एवढी खिचडी खाणार कोण? असा प्रश्न पडला, की गणित समजलं. पाचवीच्या पुस्तकात चित्रालेख आहेच. या हजेरीचा आलेख काढला, की बाजाराच्या दिवशी मुलं कमी येतात का, तेही दिसेल.

आता जरा मोठं उदाहरण. ५००० रुपये कर्ज, महिन्याला शेकडा २ रुपये व्याज, दर महिन्याला ५०० रुपये मुद्दल परत. व्याज उरलेल्या रकमेवर धरलं, तर पहिल्या महिन्यात १००, मग ९०, मग ८०, असं करत दहाव्या महिन्यात १०. एकूण व्याज ५५० रुपये. शेजारी दुसरा तक्ता मांडा. त्यात दर महिन्याला मूळ ५००० वरच व्याज धरा. दहा महिन्यांचे झाले १००० रुपये. दोन्हीकडे बोलायला शेकडा दोनच, पण फरक ४५० रुपयांचा! पाचवीतल्या पोरीने हे एकदा पाहिलं, की दारात येणाऱ्या कर्जवाल्याला ती विचारेल, “व्याज उरलेल्या रकमेवर की मूळ रकमेवर?” हा प्रश्न आपल्यालाही विचारता यायला हवा.

काही गोष्टी सांभाळा. पाढे आणि तोंडी हिशोब सुटता कामा नयेत; आधी वही, मग कॉम्प्युटर. शाळेतल्या तक्त्यात सभासदांची खरी नावं आणि खरी कर्जं घालू नका, कुणाची उधारी गावभर व्हायला नको. कॉम्प्युटर एकच असेल तर तीन-तीन मुलं बसवा: एकाने आकडे सांगायचे, एकाने टाकायचे, एकाने वहीत तपासायचे, आणि मग जागा बदलायच्या. लिबरऑफिस कॅल्क फुकट मिळतं आणि एकदा टाकलं की इंटरनेटशिवाय चालतं.

हे शाळेत व्हावं म्हणून आपण काय करायचं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायलाच हव्यात. म्हणजे तिथे आपण आहोतच. पुढच्या बैठकीत गुरुजींना आणि मॅडमना म्हणा, आठवड्यातून गणिताचा एक तास कॉम्प्युटरवर घ्या. हजेरीचे आणि तांदळाचे आकडे आम्ही देतो.

तोवर आज संध्याकाळी मुलांना वहीत रेघा मारायला सांगा आणि ५००० च्या कर्जाचे दोन्ही तक्ते त्यांच्याकडून करून घ्या. शेजारी बसून तुम्हीही बेरीज करा.