घरांतील रुग्णसेवा : माणूस नेमण्यापूर्वीं



रुग्णालयांतून घरीं सोडलें म्हणजे आजार संपला, अशी आपली एक समजूत असते. पक्षाघाताचा रोगी किंवा खुब्याचें हाड मोडलेली वृद्धा घरीं येते, तेव्हां बहुधा आजाराची जागा तेवढी बदललेली असते. काल जें काम तीन पाळ्यांच्या परिचारिका करीत होत्या, तें आज एका घरावर येऊन पडतें. आमच्या राजारामपुरींत हा प्रसंग आतां विरळा राहिलेला नाहीं. मुलगा पुण्यास, लेक परदेशीं, आणि घरांत दोघेंच म्हातारीं. मग धांवाधांव सुरू होते, ती ‘कोणी बाई मिळेल का हो?’ या प्रश्नानें. माझें सांगणें असें कीं, हा प्रश्न दुसरा आहे. काम नेमकें कोणतें आहे, हा पहिला.

घरांतील रुग्णसेवेचे दोन भाग पडतात. अंग पुसणें, कपडे व अंथरूण बदलणें, हातानें भरविणें, आधार देऊन चालविणें हा एक भाग. हीं कामें सांभाळणारी मावशी मायेनें व सवयीनें उत्तम करूं शकते. इंजेक्शन व सलाईन देणें, लघवीची नळी बदलणें, जखम धुऊन बांधणें, नाकांतील नळी बसविणें हा दुसरा भाग. त्याला रीतसर शिक्षण लागतें. पैसे वांचविण्यासाठीं दुसऱ्या भागाचें काम पहिल्या माणसाकडून करून घेण्याचा मोह पुष्कळांस होतो, आणि तेथेंच घात होतो. नाकांतील नळीनें पातळ अन्न द्यावयाचें, तर रोग्याचें डोकें व छाती तीस ते पंचेचाळीस अंश उंच हवी, आणि अन्न दिल्यावरहि निदान अर्धा तास तशीच ठेवावी लागते. सपाट निजवून अन्न दिलें, तर तें फुप्फुसांत उतरूं शकतें. करणाऱ्या बाईचा हेतु चांगलाच असतो. परंतु तिला हें कोणीं शिकविलेलें नसतें.

म्हणून रुग्णालय सोडण्यापूर्वींच डॉक्टरांकडून व तेथील परिचारिकेकडून कामांची यादी लिहून घ्यावी. कोणतें औषध केव्हां व किती, कुशी किती वेळानें बदलावयाची, नळी कोणत्या तारखेस बदलावयाची, आणि कोणतें लक्षण दिसतांच कळवावयाचें, हें त्यांत यावें. ही यादी हातीं आली कीं पुष्कळदां असें दिसतें कीं, शिकलेली नर्स दिवसभर लागत नाहीं. तिनें दिवसांतून एकदां तासभर येऊन जखम व नळी पाहावी, आणि उरलेला दिवस मावशीनें सांभाळावा, एवढ्यानें भागतें. खर्चहि त्यामानानें आटोक्यांत राहतो.

नर्स म्हणून जी येते, तिची नोंदणी पाहण्यांत संकोच नको. आपल्या राज्यांत १९६६ च्या परिचारिका कायद्यान्वयें महाराष्ट्र परिचर्या परिषद ही नोंदणी करते. आपला जिल्हा सीमेवरचा. निपाणी-बेळगांवकडील परिचारिकेची नोंद कर्नाटकांतील परिषदेकडे असूं शकेल, तर ती पाहावी. ब्युरोमार्फत माणूस घेतल्यास चार गोष्टी लेखी घ्याव्या : आगाऊ रक्कम किती, त्यांतील कोणाची किती, बाई न आल्यास बदली किती तासांत, आणि रोगी मध्येंच बरा झाला वा गेला तर उरलेले पैसे परत कसे मिळतील.

घरीं जाऊन शुश्रूषा करण्याच्या व्यवसायाचा इतिहास बोधप्रद आहे. १८५९ सालीं इंग्लंडांतील लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांची पत्नी वारली. तिच्या दुखण्यांत मेरी रॉबिन्सन या परिचारिकेनें केलेली सेवा त्यांनीं पाहिली होती. जें आपल्यास मिळालें तें गरिबांस मिळत नाहीं, हें जाणून त्यांनीं त्याच बाईस पगार देऊन गरिबांच्या घरीं धाडलें. आपल्याकडे १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं पुण्यास सेवासदन उभारलें, आणि स्त्रियांस परिचर्येच्या शिक्षणासाठीं ससून रुग्णालयाची वाट मोकळी करून दिली. त्या काळीं हें काम कुलीन स्त्रीस कमीपणाचें मानीत. तो समज आपल्या घरांतून अजून पुरता गेला आहे काय, हें ज्याचें त्यानें पाहावें. रात्रंदिवस राहणाऱ्या बाईस सलग झोंप, वेळेवर जेवण, स्वच्छ जागा आणि आठवड्याची सुट्टी मिळालीच पाहिजे. चोवीस तासांची नेमणूक म्हणजे चोवीस तासांची जाग नव्हे. जी रात्रभर जागली, तिच्या हातून सकाळीं औषधाची चूक होणें साहजिक आहे.

रोग्याच्या उशाशीं एक वही असावी. ताप, नाडी, रक्तदाब, मधुमेह असल्यास साखर, अन्न, पाणी, लघवी, शौच आणि दिलेलीं औषधें वेळेसह तींत लिहावीं. पूर्णपणें अंथरुणास खिळलेल्या रोग्याची कूस साधारण दर दोन तासांनीं बदलावी लागते. तीहि वेळ लिहावी. माकडहाड व टांचा रोज उजेडांत पाहाव्या. तेथें लाली दिसून ती दाबल्यावरहि जात नसेल, तर शय्याव्रणाची ती सुरुवात समजावी. परगांवच्या मुलानें फोनवर ‘बरें आहे ना?’ असें विचारण्यापेक्षां वहीचें पान वाचून दाखवावयास सांगावें.

कोल्हापुरास आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते, ती पावसाळ्याची. २०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत पंचगंगेच्या पुरानें शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. २०१९ सालीं चिखली-आंबेवाडीसारख्या गांवांस पाण्यानें वेढलें. राजारामपुरी उंचावर, परंतु आपल्याकडे येणारी मावशी नदीपलीकडची असूं शकते. तेव्हां जूनपूर्वींच आठ-दहा दिवसांचीं औषधें, पिण्याच्या पाण्याचा सांठा, ऑक्सिजनचें यंत्र असल्यास विजेविना चालणारा भरलेला सिलिंडर, आणि नदीअलीकडे राहणारी एक बदली बाई, एवढें ठरवून ठेवावें. रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या साहाय्याचा १४५६७ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावे.

शेवटीं दोन गोष्टी. घरांतील कोणा एकानें सर्व व्यवस्थेची जबाबदारी घ्यावी. चौघांनीं चार सूचना दिल्या तर बाई गोंधळते व रोगी उपेक्षित राहतो. दुसरें, ज्याच्यासाठीं हें सर्व चाललें आहे त्यालाहि विचारावें. अंघोळ केव्हां हवी, परका हात अंगास लागलेला चालेल काय, खिडकी उघडी हवी कीं मिटलेली, हें सांगण्याचा अधिकार अंथरुणांत पडल्यानें जात नाहीं. बोलतां येत नसेल, त्यानें डोळ्यांनीं सांगावें व आपण तें समजून घ्यावें.