पेडल खचतं, मग ऑइल जातं कुठे?

सिग्नलला गाडी उभी आहे, पाय ब्रेकवर हलका टेकलेला आहे आणि पेडल पायाखालून सावकाश खाली चाललंय. पाय उचलून पुन्हा दाबला की ते पूर्वीच्या उंचीवर लागतं. जरा वेळाने पुन्हा खचू लागतं. बॉनेट उघडून पाहावं, तर बाटलीतलं ब्रेक ऑइल वरच्या खुणेला टेकलेलं. चाकांपाशी ओल नाही, गाडीखाली थेंब नाही. खात्रीसाठी जोरात ब्रेक मारला, तर गाडी जागच्या जागी थांबते. तेव्हा ‘काही झालेलं नाही’ म्हणून विषय सोडून देणं सगळ्यांत सोपं, आणि सगळ्यांत धोक्याचंही.

बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो. ब्रेक त्याच नियमावर चालतो. समजा, पायाचा जोर २० किलोचा आहे. पेडलच्या तरफेमुळे तो चौपट, म्हणजे ८० किलो होऊन मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर पडतो. सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर असेल, तर ऑइलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २५ किलो दाब तयार होतो. चाकापाशी कॅलिपरचा दट्ट्या ४८ मिलिमीटरचा धरला, तर तिथे साधारण ४६० किलोचा जोर मिळतो. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदत यात धरलेलीच नाही.

पण जोर वाढतो तसं अंतर घटतं. पेडल ४ सेंटिमीटर खाली गेलं, की मास्टर सिलिंडरचा दट्ट्या जेमतेम १ सेंटिमीटर सरकतो आणि फक्त ३ मिलिलिटर ऑइल पुढे ढकलतो. म्हणून अर्धा चमचाभर ऑइल भलत्या वाटेने निसटलं, तरी पेडल कित्येक सेंटिमीटर खचतं.

ही वाट बहुतेक वेळा मास्टर सिलिंडरच्या आतच असते. बाटलीतलं ऑइल एका बारीक छिद्रातून सिलिंडरमध्ये उतरतं. पेडल दाबताच दट्ट्यापुढचा रबरी वॉशर ते छिद्र ओलांडतो आणि पुढचं ऑइल कोंडलं जातं. वॉशरची कड झिजली असेल, तर कोंडलेलं ऑइल त्या कडेवरून मागे सरकतं आणि छिद्रातून पुन्हा बाटलीत जातं. बाहेर काहीच सांडत नाही, म्हणून पातळीही घटत नाही.

मग जोरात दाबल्यावर ब्रेक का लागतो? हा वॉशर सायकलच्या पंपातल्या चामड्याच्या वॉशरसारखा वाटीच्या आकाराचा असतो. आतला दाब वाढला की वाटीची कड बाहेर फाकते आणि भिंतीला घट्ट चिकटते. पाय हलका असताना मात्र कडेला आधार असतो तो रबराच्या स्वतःच्या ताणाचा, आणि झिजलेल्या रबरात तेवढाही उरलेला नसतो. त्यामुळे हा दोष आधी सिग्नलला हलक्या पायाखाली दिसतो.

हायड्रॉलिक ब्रेकच्या इतिहासातही कळीचा प्रश्न हाच होता. माल्कम लॉकहीड यांची पद्धत १९२१च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना बसली. पण तिच्यातले चामड्याचे वॉशर गळायचे. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी रबरी वॉशर आणले आणि १९२४च्या क्रायस्लर गाडीपासून ही पद्धत सर्वसामान्य गाड्यांपर्यंत पोहोचू लागली.

निदान घरी करता येतं. गाडी सपाट जागेवर लावून हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला निर्वात संपेल. आता पेडल हलक्या पायाने अर्धा मिनिट धरून ठेवा. खचत गेलं, तर दोष आहे. तसंच धरून इंजिन चालू केल्यावर पेडल किंचित खाली जाऊन थांबलं, तर तो बूस्टर जागा झाल्याचा पुरावा. त्यात काळजीचं काही नाही. पेडल मऊ लागत असेल आणि भराभर दाबल्यावर वर येत असेल, तर लाइनमध्ये हवा असण्याचा संभव जास्त. घाट उतरताना मऊ झालेलं पेडल गाडी थंड झाल्यावर सुधारलं, तर ऑइल उकळून वाफ धरत असावं. आणि पातळी झपाट्याने घटत असेल, तर चाकांच्या आतली बाजू, होज आणि मास्टर सिलिंडर बूस्टरला जोडतो तो सांधा तपासायला हवा.

शेवटची खात्री मेकॅनिक करतो. मास्टर सिलिंडरचे पाइप सोडून तोंडांना प्लग लावतो. तरीही पेडल खचलं, तर गुन्हेगार सिलिंडरच. कडक राहिलं, तर शोध पुढे एबीएसच्या युनिटकडे आणि चाकांकडे न्यावा लागतो.

उपाय म्हणजे नवा मास्टर सिलिंडर. आतली भिंत गंजली असेल, तर नुसतं वॉशरचं किट बदलून भागत नाही. तोच गंज नवा वॉशरही कापतो. नवा सिलिंडर बसवण्याआधी त्यातली हवा काढायची, मग कंपनीच्या पुस्तिकेतल्या क्रमाने चाकांची. जुन्या गाडीची एअर काढताना पेडल तळापर्यंत हाणू नये. रोजच्या वापरात वॉशर जिथवर पोहोचत नाही, तिथे गंज साचलेला असतो, आणि एका जोरदार दाबात धडधाकट वॉशरची कड फाटू शकते.

त्या गंजाचं मूळ ऑइलमध्ये आहे. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. कोकणातल्या पावसाळ्यात तर ओलीला तोटाच नाही. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावं. त्यात इंजिन ऑइल मात्र चुकूनही टाकू नये. त्याने सगळे रबरी वॉशर फुगतात.

गाडी गॅरेजला टो करूनच न्या. तिथे ‘ब्रेक कमी लागतो’ एवढंच सांगून थांबू नका. पेडल हलक्या पायाने खचतं की जोराच्या, दाबत राहिलं की वर येतं का, आणि ऑइल घटतं का, हे तीन तपशील सांगितलेत तर अर्धं निदान तिथेच होतं.