कोंडून ठेवलेली सापाची मादी आणि अडकलेली अंडी

रायपूरचा परिसर धानशेतीचा आहे. येथे उंदीर उभे पीक कुरतडतात, बांध पोखरतात आणि साठविलेल्या धान्याची नासाडी करतात. धामण व नाग हे त्यांचे नैसर्गिक शत्रू होत. खरीपपूर्व मशागतीत बांधबंदिस्ती, तणसाचे ढीग हलविणे, कोठारांची सफाई ही कामे सुरू झाली की हे साप दृष्टीस पडतात. पकडलेला साप पुढे सवडीने सोडू, या विचाराने बरणीत किंवा पोत्यात अनेक दिवस राहतो. तो साप गाभण मादी असल्यास ही दिरंगाई तिच्या जिवावर बेतू शकते.

अंडी घालण्याचा काळ

नागाची मादी साधारणपणे एप्रिल ते जुलै या काळात उंदरांच्या बिळात किंवा वारुळात 12 ते 30 अंडी घालते. सुमारे दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात. म्हणजेच हा काळ आणि खरीपपूर्व कामांचा काळ एकच आहे. धामणही अंडी घालते. घोणस मात्र थेट पिलांना जन्म देते.

गाभण मादीच्या शरीराचा मागील अर्धा भाग फुगीर दिसतो. ती बहुधा खाणे सोडते आणि जागेच्या शोधात अस्वस्थपणे फिरते. अनेक जातींत मादी अंडी घालण्यापूर्वी कात टाकते. त्यानंतर काही दिवसांत ते काही आठवड्यांत अंडी येतात.

अंडी का अडकतात?

कोंबडीचे अंडे अडकणे कुक्कुटपालकांना परिचित आहे. तेथे कॅल्शियमची कमतरता हे एक प्रमुख कारण असते. सापांत बंदिवासाची परिस्थिती अधिक महत्त्वाची ठरते. मादीला उबदार, दमट व आडोशाची जागा लागते. ती न मिळाल्यास मादी अंडी रोखून धरते. पाण्याची कमतरता, अयोग्य तापमान, अशक्तपणा, हाताळणीचा ताण, वेडेवाकडे अंडे किंवा अंडनलिकेचा संसर्ग यांमुळे धोका वाढतो.

अंडी घालण्याची क्रिया साधारणपणे एक-दोन दिवसांत पूर्ण होते. काही अंडी बाहेर आल्यावर 48 तास उलटूनही पोटात गाठी जाणवत असतील, तर अंडी अडकल्याची शंका घ्यावी. अशी अंडी अंडनलिकेला चिकटतात, कुजतात आणि मादी दगावू शकते. पशुवैद्यक क्ष-किरण तपासणी करून ऊब, द्रव, संप्रेरकाचे इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया यांपैकी योग्य उपाय निवडतात. उपचार जितके लवकर, तितके यश अधिक.

विस्तार कार्यकर्त्यांनी सांगावयाच्या बाबी

• साप स्वतः पकडू नये. वन विभागास किंवा प्रशिक्षित सर्पमित्रास कळवावे.
• वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार साप पकडून बाळगणे गुन्हा आहे. सुटका केलेला साप विनाविलंब जवळच्या योग्य अधिवासात सोडला जाईल, असे पाहावे.
• सुटका केंद्रात मादीस ठेवणे भाग पडल्यास पिण्याचे पाणी आणि ओलसर शेवाळ किंवा माती भरलेली झाकणाची पेटी द्यावी.
• पोट दाबून अंडी काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. अंडे आत फुटते व अंडनलिका फाटते.
• नांगरणीत अंडी उघडी पडल्यास काम थांबवून दूर व्हावे, कारण नागाची मादी अंड्यांजवळ राहून राखण करते. कोंबडीच्या अंड्यांप्रमाणे ही अंडी फिरवू नयेत; कवचाला आतून चिकटलेला गर्भ त्यामुळे मरू शकतो.

एक मादी अंड्यांसह दगावली, तर त्या हंगामातील तिची सर्व पिलेही जातात. शिवारातील उंदरांवरचा पहारा तेवढा कमी होतो आणि त्याची किंमत शेतकऱ्यास मोजावी लागते. म्हणून सापाची सुटका केली, एवढ्यावर काम संपत नाही. त्याच दिवशी तो मोकळा झाला पाहिजे.