खारफुटीला न्यायालयाचे कुंपण
खाडीकाठची खारफुटी तोडायची, भराव टाकायचा आणि मग येथे झाडे नव्हतीच असे सांगायचे, ही मुंबई परिसरातील जुनी रीत. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी अंतरिम आदेशाने राज्यभरातील तोडीला मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात तर खारफुटीचा नाश हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग ठरविला. जमीन खासगी असली तरी तोड व भराव वर्ज्य. भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामास बंदी. नष्ट झालेली खारफुटी पुन्हा उभी करण्याची जबाबदारी शासनाची. अपवाद एकच, सार्वजनिक हिताचे काम, तेही न्यायालयाच्या परवानगीने. खरी कसोटी या अपवादाचीच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार झाडे तोडण्यास याच न्यायालयाने संमती दिली.