दरवाजात पडलेली काच

मोटारीच्या पॉवर विंडोची काच वर-खाली करते ती दरवाजाच्या पोटातली 12 व्होल्टची छोटी मोटर. स्विच ज्या बाजूला दाबावा त्याप्रमाणे विजेची दिशा बदलते आणि मोटर सुलट किंवा उलट फिरते. तिला जोडलेला वर्म गिअर वेग कमी करून जोर वाढवतो. त्याच्यामुळेच काच हाताने दाबली तरी खाली जात नाही. पुढचे काम रेग्युलेटरचे. गॅरेजमध्ये त्याला ‘मशीन’ म्हणतात. काही गाड्यांत ती कात्रीसारख्या दांड्यांची असते, बऱ्याच गाड्यांत मात्र पोलादी केबल, कप्प्या आणि काच धरून रुळावर सरकणारा प्लॅस्टिकचा तुकडा एवढाच तिचा पसारा.

काच बंद पडली की मोटर जळाली असे धरून चालणे महागात पडते. आधी कान द्यावा. मोटर घुमते पण काच हलत नाही, किंवा कडकड आवाज होऊन काच धपकन आत पडते, तेव्हा मोटर बहुधा शाबूत असते. केबल तुटलेली असते किंवा तो प्लॅस्टिकचा तुकडा. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, स्विच आणि दरवाजाच्या बिजागरीजवळ रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी पाहाव्यात. दरवाजा रोज उघडून-मिटून त्या आतल्या आत तुटतात. मल्टिमीटरने मोटरच्या कनेक्टरवर 12 व्होल्ट मिळत असूनही ती फिरत नसेल, तरच दोष मोटरचा.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढतात. हँडलमागचे स्क्रू सोडवून डोअर पॅड, म्हणजे दरवाजाचे आतले आवरण, खालून अलगद ओढले की त्याचे लॉक सुटतात. त्यामागे डिंकासारख्या काळ्या चिकट पट्टीने लावलेला प्लॅस्टिकचा कागद असतो. तो न फाडता सोडवायचा. काच वर ओढून चिकटपट्टीने चौकटीला पक्की बांधल्याशिवाय मशीनचे बोल्ट सोडू नयेत. कात्रीच्या मशीनमध्ये स्प्रिंगचा ताण असतो. दांडे न बांधता मोटर सोडवली तर ते झटक्यात फिरून बोटे चिरडू शकतात.

नवी मशीन घेताना मॉडेल, साल आणि दरवाजा सांगावा लागतो. नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात घडलेल्या, 2002 साली बाजारात आलेल्या स्कॉर्पिओची मशीन नंतरच्या स्कॉर्पिओला बसेलच असे नाही. डावी-उजवीही वेगळी असते. जुनी मोटर चांगली असेल तर ती नव्या मशीनवर चढवता येते.

मशीन बदलून काच धुळीने आवळलेल्या रबरी खाचेतच सोडली, तर नव्या केबलवरही तोच ताण येतो. खाच पुसून सिलिकॉन स्प्रे मारावा. साध्या ग्रीसने रबर फुगते. कागद परत चिकटवणे हा भाग तर घाईत हमखास सुटतो. काचेवरून ओघळणारे पाणी एरवीही दरवाजाच्या आत जातेच. कागद ते केबिनबाहेर ठेवतो आणि तळाची भोके बाहेर काढतात. नाशिकहून इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात जाणाऱ्या गाडीत कागद सुटा असेल किंवा भोके चिखलाने बुजलेली असतील, तर पायाखालचे मॅट भिजते आणि दरवाजा आतून गंजतो.

पॅड बसवण्याआधी काच दोन-तीनदा पूर्ण वर-खाली करून पाहावी. एका दाबात बंद होणारी काच असेल, तर अनेक गाड्यांत ती पूर्ण वर गेल्यावर स्विच काही सेकंद तसाच ओढून धरावा लागतो. तेव्हाच काचेचा वरचा टोकाचा बिंदू यंत्रणेच्या लक्षात येतो आणि अडथळा आल्यावर मागे फिरण्याची सोय पुन्हा काम करू लागते.