शाळेच्या मेलमधला कचरा आणि मी घालवता घालवता राहिलेलं एक पत्र : ईमेल फिल्टर कसा लावायचा?



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण शाळेच्या रोजच्या कामातला आहे. आपल्या शाळेच्या ईमेलवर रोज जो कचरा येऊन पडतो, तो अडवायचा कसा? यासाठी ईमेलमध्ये 'फिल्टर' नावाची सोय असते. ती कशी लावायची हे सांगणारच आहे, पण आधी ती मी कशी चुकीची लावली ते सांगते. म्हणजे तुमच्याकडून तसं होणार नाही.

आमची शाळा मुळशी धरणाच्या बाजूची, दोन शिक्षकी. शाळेचं मेल खातं माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी त्यावर 'स्कॉलरशिप'च्या खोट्या मेल यायला लागल्या. तुमच्या पाल्याला पन्नास हजार मंजूर झाले, इथे क्लिक करा, बँकेचा तपशील भरा, वगैरे. दिवसाला चार-पाच तरी. कंटाळून मी एक फिल्टर लावला : ज्या मेलमध्ये 'स्कॉलरशिप' हा इंग्रजी शब्द असेल, ती थेट डिलीट. दुसऱ्या दिवसापासून इनबॉक्स एकदम स्वच्छ! मी स्वतःवरच खूश.

तीनेक आठवड्यांनी शेजारच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. "बाई, तुमच्या त्या पाचवीतल्या मुलीच्या फॉर्मची दुरुस्ती पाठवलीत का? उद्या शेवटचा दिवस आहे." कसली दुरुस्ती? मला काहीच माहीत नव्हतं. शिष्यवृत्ती परीक्षेच्या अर्जात मुलीच्या आईचं नाव चुकलं होतं, आणि ते दुरुस्त करून द्या अशी मेल शाळेला येऊन गेली होती. विषयाच्या ओळीत अर्थातच 'स्कॉलरशिप' हा शब्द होता. माझ्या फिल्टरने ती इमानेइतबारे कचऱ्यात टाकली होती.

त्या दिवशी शाळेत नेटवर्क नव्हतं. गाडी काढून पौडला गेले, झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर मेल उघडली, 'ट्रॅश'मध्ये पत्र सापडलं आणि काम झालं. सापडलं कारण जीमेल डिलीट केलेली मेल ३० दिवस ट्रॅशमध्ये ठेवतं. त्यानंतर ती कायमची जाते. चूक त्या फिल्टरची नव्हती. मी त्याला जे सांगितलं तेच त्याने केलं.

म्हणून पहिली गोष्ट समजून घेऊ. आपल्या मेलमध्ये कचरा अडवणारे दोघे असतात.

पहिला कंपनीचा. आपण काही न करताही बऱ्याच मेल 'स्पॅम' या कप्प्यात जाऊन पडलेल्या दिसतात, ते याचं काम. तो एका शब्दावरून निकाल देत नाही. आपण वही तपासताना नाही का ओळखत, की हा गृहपाठ मुलाने नाही, त्याच्या ताईने लिहिलाय? एका अक्षरावरून ओळखत नाही. वळण, दिलेला दाब, खाडाखोड नसणं, मुलाला न येणारा एखादा शब्द, अशा दहा खुणा एकत्र दिसल्या की खात्री पटते. तसंच हे. २००२ साली पॉल ग्रॅहम या अमेरिकन प्रोग्रामरने 'अ प्लॅन फॉर स्पॅम' या लेखात ही पद्धत सोप्या भाषेत मांडली : चांगल्या मेलचा एक ढीग घ्या, वाईट मेलचा एक ढीग घ्या, कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते मोजा, आणि नवी मेल आली की तिच्यातल्या शब्दांवरून ती कचरा असण्याची संभाव्यता काढा. गणितातला बेजचा नियम तो हाच. आजच्या पद्धती याच्या कितीतरी पुढे गेल्या आहेत, पण मूळ विचार तोच : खुणा मोजा, एकट्या शब्दावर जाऊ नका. आपण एखाद्या मेलवर 'रिपोर्ट स्पॅम' दाबतो किंवा स्पॅममधली चांगली मेल उघडून 'नॉट स्पॅम' दाबतो, तेव्हा त्याला आपण शिकवतच असतो.

दुसरा अडवणारा म्हणजे आपण स्वतः लावलेला फिल्टर. त्याला संभाव्यता वगैरे काही कळत नाही. 'असं असेल तर तसं कर', बस्स. मी एका शब्दावर डिलीट लावलं, म्हणजे पहिल्याने जी चूक टाळली होती तीच मी हाताने केली.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी हवी ती मेल वाचवायची, मग नको ती बाजूला काढायची, आणि डिलीट अगदी शेवटी. बहुतेक जण (मीही) उलट्या टोकाने सुरुवात करतात.

आता प्रत्यक्ष कृती

फिल्टर मोबाइलच्या जीमेल अॅपमध्ये तयार करता येत नाही. त्यासाठी कॉम्प्युटर किंवा लॅपटॉपच्या ब्राउजरमध्ये जीमेल उघडावं लागतं. एकदा तयार केला की तो मोबाइलवर येणाऱ्या मेललाही लागू होतो, त्यामुळे हे काम एकदाच करायचं आहे. आमच्या तालुक्याची गंमत अशी की एका टोकाला हिंजवडीचं आयटी पार्क, आणि दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या बाजूला पाऊस सुरू झाला की फोनवरच्या रेषा गायब. तेव्हा पौडला किंवा पिरंगुटला कामाला जाल त्या दिवशी अर्धा तास काढा.

वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांचं एक छोटं चिन्ह दिसतं. त्यावर क्लिक केलं की एक फॉर्म उघडतो. त्यात 'फ्रॉम' म्हणजे कोणाकडून, 'टू' म्हणजे कोणाला, 'सब्जेक्ट' म्हणजे विषय, 'हॅज द वर्ड्स' म्हणजे मजकुरात कोणते शब्द आहेत, अशा जागा असतात. पहिल्या फिल्टरसाठी फक्त 'फ्रॉम' भरा. केंद्र, बीट, पंचायत समिती, जिल्हा परिषद, जिथून जिथून शाळेला पत्रं येतात ते पत्ते तिथे लिहा. दोन पत्त्यांच्या मध्ये कॅपिटल अक्षरांत 'ओआर' लिहायचं. मग लगेच फिल्टर तयार न करता आधी 'सर्च' दाबून बघा. जुन्या मेलपैकी नेमक्या कोणत्या यात सापडतात ते समोर दिसेल. ही पायरी कोणीच करत नाही, मीही केली नव्हती. केली असती तर 'स्कॉलरशिप' शब्दाखाली गेल्या वर्षीची खरी पत्रं तेव्हाच दिसली असती.

यादी बरोबर वाटली की पुन्हा तोच फॉर्म उघडून 'क्रिएट फिल्टर' दाबा. पुढच्या पानावर काय करायचं ते विचारतात. इथे 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' आणि 'अप्लाय द लेबल' या दोन चौकटींवर खूण करा. लेबलला 'कार्यालयीन' असं नाव द्या, मराठीत चालतं. झाला पहिला फिल्टर.

एक सूचना. केंद्रातल्या कितीतरी मेल साध्या जीमेलच्याच पत्त्यावरून येतात. म्हणून कंटाळा करून नुसतं 'जीमेल डॉट कॉम' असं लिहू नका. तसं केलंत तर जगातला प्रत्येक जीमेलवाला तुमचा केंद्रप्रमुख होईल! पूर्ण पत्ता, एकेक करून.

दुसरा फिल्टर जाहिरातींचा. ज्या दुकानांच्या, क्लासच्या, अॅपच्या मेल सतत येतात त्यांचे पत्ते 'फ्रॉम'मध्ये टाका आणि पुढे 'स्किप द इनबॉक्स' निवडा, सोबत 'नंतर बघू' असं लेबल. म्हणजे मेल इनबॉक्समध्ये दिसणार नाही, पण नष्टही होणार नाही. महिनाभर तो कप्पा अधूनमधून उघडून बघा. कामाचं एकही पत्र त्यात सापडलं नाही, तरच त्याच फिल्टरमध्ये जाऊन 'डिलीट इट' लावा. नव्या विद्यार्थ्याला आपण पहिल्याच दिवशी मागच्या बाकावर बसवत नाही, तसं समजा.

कंपन्यांच्या जाहिराती असतील तर फिल्टरच्याही आधी 'अनसबस्क्राइब' बघा. दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांनी जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर बंद करण्याची सोय द्यावी, अशी अट गूगलने २०२४ मध्ये घातली. ते बटन मेलच्या वरच्या बाजूला, पाठवणाऱ्याच्या नावाजवळ दिसतं. मात्र लॉटरी, कर्ज, बक्षीस असल्या भामट्या मेलच्या आतल्या 'अनसबस्क्राइब'वर बोट ठेवू नका. त्यातून हा पत्ता चालू आहे, इथे माणूस आहे, एवढंच त्यांना कळतं. तिथे 'रिपोर्ट स्पॅम'.

मराठी शब्दांची अडचण

शब्दावर फिल्टर लावूच नये का? लावा, पण जपून. त्यातही मराठी शब्द असेल तर एक वेगळीच भानगड आहे, आणि ती आपल्याला व्याकरण शिकवत असल्यामुळे लगेच कळेल. जीमेल पूर्ण शब्द शोधतं, शब्दाचा तुकडा शोधत नाही. इंग्रजीत 'लॉटरी' हा शब्द वाक्यात कुठेही तसाच राहतो. मराठीत? 'बक्षीस' लिहून मी फिल्टर लावला, तर 'बक्षिसाची रक्कम' आणि 'बक्षिसासाठी निवड' या मेल खुशाल आत! आपल्याकडे प्रत्यय चिकटतो, सामान्यरूप होतं, दीर्घाचा ऱ्हस्व होतो. चौथीच्या मुलांना सामान्यरूप शिकवताना हे उदाहरण मी वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे कॉम्प्युटरला विभक्ती येत नाही!" अगदी तसं म्हणता येणार नाही, पण या एका खिडकीपुरतं त्याचं बरोबर आहे. तेव्हा मराठी शब्दावर फिल्टर लावायचाच असेल तर त्याची दोन-चार रूपं 'ओआर'ने जोडा. नाहीतर सरळ पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर लावा.

पत्ता वाचायचा तो उजवीकडून. नुसतं 'वडगाव' म्हटलं तर कोणतं? वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक? पुढचं नाव कळल्याशिवाय पत्र पोचत नाही. ईमेलमध्येही खरी ओळख शेवटी असते. शेवट 'गव्ह डॉट इन' असेल तर ते सरकारी डोमेन. पण 'गव्ह-इन डॉट कॉम' असं दिसलं तर शेवट 'कॉम' आहे, ते कोणीही विकत घेऊ शकतो. आणि पाठवणाऱ्याचं जे नाव ठळक दिसतं, 'शिक्षण विभाग' वगैरे, त्यावर तर मुळीच जाऊ नका. ते नाव ज्याला जे हवं ते लिहिता येतं. पाठवणाऱ्याच्या चित्राच्या जागी प्रश्नचिन्ह दिसलं, तर मेल खरोखर त्याच पत्त्यावरून आली का याची खात्री जीमेलला पटलेली नाही, असं समजा.

आणखी एक युक्ती, मला फार उपयोगी पडलेली. जीमेलमध्ये आपल्या पत्त्यात ॲटच्या चिन्हाआधी अधिकचं चिन्ह आणि कुठलाही शब्द जोडला, तरी मेल आपल्याकडेच येते. एखाद्या प्रशिक्षणाच्या किंवा प्रश्नमंजूषेच्या साइटवर नाव नोंदवताना मी अधिक चिन्हापुढे 'क्विझ' जोडते. नंतर त्या पत्त्यावर जाहिराती यायला लागल्या की पत्ता कुठून बाहेर गेला ते कळतं, आणि 'टू'मध्ये तो पत्ता टाकून एका फिल्टरमध्ये सगळं बंद. काही साइट अधिक चिन्ह स्वीकारत नाहीत, तिथे इलाज नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा उद्योग कशासाठी, कचरा पडू द्या एका बाजूला. पण हा कचरा थांबणारा नाही. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क नावाच्या एका कॉम्प्युटर विक्रेत्याने अमेरिकेतल्या अर्पानेटवर सुमारे ४०० जणांना एकदम जाहिरात पाठवली. ती पहिली स्पॅम मेल मानतात. लोक चिडले, त्याला तंबीही मिळाली. पण फुकटात शेकडो घरांत शिरता येतं हे एकदा कळल्यावर कोण थांबतो?

शेवटी, फिल्टर जिथे पुरत नाही ती जागा. कोणी मेलवरच्या लिंकवरून पैसे काढून घेतले, तर फिल्टर-बिल्टर नंतर बघा, आधी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि तुमचा पासवर्ड कोणाच्या हाती लागला असेल, तर तो माणूस तुमच्याच खात्यात फिल्टर लावून ठेवू शकतो : बँकेची मेल आली की मला पाठव आणि इथून डिलीट कर. तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून 'सेटिंग्ज'मध्ये 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अॅड्रेसेस' हे पान अधूनमधून उघडून बघायचं. तिथे आपण न लावलेला एखादा फिल्टर दिसला तर तो काढून पासवर्ड लगेच बदला.

मी हे पान महिन्याच्या एक तारखेला बघते, नव्या महिन्याची हजेरी आखायला घेते तेव्हा. सध्या त्यात सहा फिल्टर आहेत. 'स्कॉलरशिप'चा त्यात नाही. स्पॅमचा कप्पा मात्र दर शनिवारी शाळा सुटल्यावर उघडते, कारण तिथल्याही मेल ३० दिवसांनी आपोआप जातात. मागच्या शनिवारी तिथे लॉटरीच्या तीन मेलच्या मध्ये शाळेला मिळणाऱ्या पुस्तकांची यादी सापडली. 'नॉट स्पॅम' दाबलं, आणि तो पत्ता पहिल्या फिल्टरमध्ये टाकला.